लॅबमामांची दोन मिनिटं

चुलत सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी मोबाईलवर जो व्हिडिओ केला तो पाहून आमच्या घरातली सात माणसं रडली, आणि तिथूनच पुढचं सगळं बिघडत गेलं.

खुद्द सासरे रडले नाहीत. "माझं नाक एवढं मोठं कधी झालं गं?" एवढंच त्यांनी विचारलं. पण बाकीच्यांनी डोळे पुसत पुसत तो व्हिडिओ जो ओळखीचा दिसेल त्याला पाठवला, आणि आमच्या भिसेगावातून निघालेला तो आठवडाभरात आमच्या प्राचार्यांच्या मोबाईलवर पोचला. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"मॅडम, तुमच्याकडे नजर आहे," ते म्हणाले.

बावीस वर्षं मी ह्या कॉलेजच्या लायब्ररीत काढली. पुस्तकावर शिक्का मारणं आणि पोरांवर डोळे वटारणं ह्यापलीकडची काही कला माझ्यात आहे असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही. त्यामुळे मी त्या एका वाक्यावर अशी विरघळले की पुढचं नीट ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर कळलं असतं, की वर्धापनदिनाला गुणवंत कर्मचाऱ्यांचा सत्कार असतो, आजवर तो शाल-नारळावर भागायचा, पण यंदा पडदा लावायचा आहे, प्रत्येक पुरस्कारामागे दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचा आहे, आणि ते पाचही व्हिडिओ मी करायचे आहेत. दोन आठवड्यांत.

घरी आल्यावर बारावीतली माझी मुलगी म्हणाली, "आई, तुला साधा फोटो पाठवता येत नाही. तू नेहमी त्याचा स्क्रीनशॉट पाठवतेस."

"ते तंत्र झालं," मी म्हणाले. "माझ्याकडे नजर आहे."

तेव्हा माझं हे असं चाललं होतं.

आमचं कॉलेज कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भात निघून गेलं की आजूबाजूच्या शेतांत वाल होतो, आणि त्या वालाच्या मधोमध मोठमोठ्या इमारतींच्या जाहिरातींचे फलक उभे असतात. मी तिपाई मागून आणली, कॉलरला लावायचा माइक आणला आणि कामाला लागले. इंग्रजीच्या सरांना वडाखालून विचारमग्न चालायचं होतं. ते सात वेळा चालले, आणि सातही वेळा कॅमेऱ्याकडे बघून हसले. साफसफाईच्या मावशी ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि झाडू हातात धरायला त्यांनी साफ नकार दिला. "झाडू रोज हाय मॅडम. पुरस्कार आजच हाय." मी त्यांना कॉलेजच्या पायऱ्यांवर नुसतं बसवलं. पाचातला तो सगळ्यात खरा व्हिडिओ झाला, आणि त्यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं.

चौथे होते लॅबमामा.

मामा म्हणजे केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट. तीस वर्षं त्याच लॅबमध्ये. प्राचार्य धरून सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. कपाटातल्या कुठल्या फळीवर कुठली बाटली आहे हे ते कपाटाकडे पाठ फिरवूनही सांगू शकायचे, अशी त्यांची ख्याती. आणि दर जूनमध्ये नव्या पोरांना ते ओळीत उभं करून एक धडा द्यायचे. तो धडा कॉलेजातून गेलेल्या प्रत्येकाला येतो, मला आर्ट्सवालीलासुद्धा येतो: "ॲसिड पातळ करायचं तर पान्यात ॲसिड सोडायचं, थेंब थेंब. ॲसिडात पानी कदी नाय. उलटं केलं का ते उसळतं, आन डोळे घेऊन जातं."

गुरुवारी दुपारी मी लॅबमध्ये गेले. विभागप्रमुख मॅडम परीक्षेच्या कामाला बाहेर होत्या, प्रॅक्टिकल नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघंच. मामांनी धुतलेला एप्रन घातला होता, केसांना तेल होतं. मी त्यांच्या कॉलरला माइक लावत असताना त्यांनी विचारलं, "मॅडम, हे कशापायी चाललंय?"

"मामा, तुम्हाला पुरस्कार मिळणारे. त्याचा व्हिडिओ."

ते लाजले. "मला कशाला, मॅडम."

मग मी त्यांना खिडकीशी उभं केलं, कपाटाशी उभं केलं, लॅबमधल्या पहिल्या दिवसाबद्दल विचारलं. त्या पहिल्या दिवसाबद्दल ते फार सुंदर बोलले. तेव्हाचे सर कोण, कुठली काचेची नळी फुटली, कुणी शिव्या घातल्या, सगळं. बोलता बोलता मध्येच थांबले आणि कॉलरवरच्या माइककडे बघत म्हणाले, "मॅडम, हे कशापायी चाललंय?"

मी परत सांगितलं. ते परत लाजले. "मला कशाला, मॅडम."

माणसात विनय असावा तर असा, असं मी मनात म्हणाले. शपथेवर सांगते, हेच म्हणाले.

आता मला एक जिवंत दृश्य हवं होतं. "मामा, नुसतं उभं राहिलं की निवडणुकीला उभं राहिल्यासारखं वाटतं. काहीतरी ओतून दाखवा ना. तो धडा सांगता सांगता."

मामांनी एक तपकिरी बाटली काढली. काचेच्या पात्रात थोडं ओतलं. तेलासारखं घट्ट होतं ते. मग पाण्याचा जग उचलला. "पान्यात ॲसिड सोडायचं, थेंब थेंब," ते कॅमेऱ्याकडे बघत खणखणीत म्हणाले, आणि जगातलं पाणी पात्रात सोडलं.

फस्स करून वाफ आली. पात्र तडतडलं. एक थेंब त्यांच्या एप्रनवर उडाला, एक ओट्यावर, माझ्या तिपाईच्या पायाशी. मामा एक पाऊल मागे सरकले आणि त्या पात्राकडे असे बघत राहिले, जसं ओळखीतल्या माणसाने भर बाजारात एकदम शिवी हासडावी.

मी काय म्हणाले ते लिहायला हात जड होतोय. मी म्हणाले, "वा, मामा! धूर काय मस्त आला! परत एकदा मिळेल का?"

ते परत काही करेनात. बेसिनपाशी गेले आणि कितीतरी वेळ हात धूत उभे राहिले. मग वळून म्हणाले, "मॅडम, हे कशापायी चाललंय?"

त्रेचाळीस मिनिटांचं चित्रण झालं होतं. त्याची दोन मिनिटं करायची होती. ते काम मी घरी जेवणाच्या टेबलावर बसून केलं, आणि मला सांगायला लाज वाटते, पण ते करताना मी इतकी खूष होते की दोनदा भाजी करपली. मामा बोलताना मध्ये मध्ये थांबायचे. मी ते थांबे काढले. एका बाटलीचं नाव घेताना अडकले, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, ते काढलं. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला, तो तर अर्थातच काढला. राहिले ते मामा असे चटपटीत, असे मुद्देसूद, की वाक्य न वाक्य लिहून घ्यावं. आणि शेवटी ती वाफ. ती मी संथ गतीवर टाकली, मागे बासरी लावली, आणि वरून त्यांच्याच आवाजात तो धडा.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी घरच्यांना पाचही व्हिडिओ दाखवले. नवरा म्हणाला, "छान." तो सगळ्यालाच छान म्हणतो, करपलेल्या भाजीलाही. मामांचा संपला तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, मागे घे जरा. हे उलटं आहे."

"उलटं कसं असेल? मी मोबाईल आडवाच धरला होता."

"मोबाईल नाही गं. ते जे बोलतायत ते बरोबर आहे. हातांनी करतायत ते उलटं आहे. ॲसिडमध्ये पाणी ओतलंय त्यांनी." तिने परत एकदा लावला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू किती लांब उभी होतीस?"

"असेन दोन हातांवर."

तिने माझा हात ओढून कोपरापर्यंत उलटसुलट बघितला. ती उगाच काळजी करणारी मुलगी नाही.

मी आत जाऊन ती त्रेचाळीस मिनिटं पहिल्यापासून लावली. न कापलेली. "हे कशापायी चाललंय" चार वेळा होतं. चारही वेळा तोच चेहरा, तेच लाजणं, तेच "मला कशाला". बाटलीच्या नावाशी ते अडकले होते तिथे त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी चित्रण करताना पाहिलं नव्हतं, कापताना पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. ते भ्यालेले होते. आणि मी ते सगळं एवढ्या सफाईने काढून टाकलं होतं की सांधासुद्धा दिसत नव्हता.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी मामांना लायब्ररीत बोलावलं आणि मागच्या टेबलावर, जिथे कुणी येत नाही, लॅपटॉप उघडला. फक्त वाफेचा भाग लावला, तोही बासरीशिवाय. मग पुढचा थोडा भाग.

मामांनी तो पाहिला. परत लावायला सांगितला. परत पाहिला. तीस वर्षं ज्यांनी तो धडा दिला, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"कुनी कुनी बघितलं हे?"

"माझ्या मुलीने. बाकी कुणी नाही."

ते खुर्चीच्या काठावर बसले. "आमच्या बाचं असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. "आदी बैलांची नावं जायची. मग आमची. मग घरातनं निघून जायचा, पार नदीच्या अंगाला. शेवटाला आमी त्याला ओटीवरच्या खांबाला बांधून ठेवायचो. मीच बांधायचो, मॅडम. सकाळी कामाला यायच्या आदी."

लायब्ररीतला पंखा कुरकुरत होता. दर वर्षी मी त्याला तेल घालायला सांगते आणि दर वर्षी कुणी घालत नाही. मी त्या पंख्याकडे बघत राहिले, कारण मामांकडे बघवेना.

"मामींना माहितीये?"

"कुनाला नाय." मग ते घाईने बोलायला लागले. "मॅडम, हे काढून टाका. शनिवार जाऊ द्या. पोरं येनार हायेत माझी, दोगं पन. एकदा तेवढं टाळ्या वाजवून होऊ द्या. सोमवारी मी सोता विभागप्रमुख मॅडमला सांगतो. तवर बाटलीला हात लावनार नाय. तुमाला शब्द देतो."

तो आठवडा स्नेहसंमेलनाचा होता, प्रॅक्टिकल बंदच होती, लॅबला कुलूप. मी हिशेब केला, की आठवडाभराने कुणाचं काही बिघडत नाही. मी मान हलवली. वाफेचं दृश्य काढून टाकलं आणि तिथे वालाच्या शेतामागून दिसणारं कॉलेज टाकलं. ज्या माणसाचं लक्षात राहणंच संपत चाललं आहे त्याच्याकडून मी शब्द घेतला, आणि निश्चिंत झाले. बी.लिब. झालेल्या बाईच्या डोक्यातसुद्धा हे आलं नाही.

शनिवारी मांडव भरला होता. इंग्रजीचे सर पडद्यावर वडाखालून चालले तेव्हा मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. मावशी पायऱ्यांवर बसलेल्या दिसल्या तेव्हा त्या स्वतःच पहिल्या ओळीत तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग मामा. दोन मिनिटं मागच्या रांगांतल्या पोरांनीही शिट्टी मारली नाही. आणि संपल्यावर जे कडाडलं ते मी जन्मात विसरणार नाही. जुनी पोरं उभी राहून "मामा! मामा!" ओरडत होती. मामांनी शाल घेतली, नारळ घेतला, माइकसमोर चार वाक्यं बोलले, एकही चुकलं नाही. त्यांचे दोन मुलगे, थोरला नेरळला असतो आणि धाकटा खोपोलीला कंपनीत, पुढे येऊन त्यांच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि फोटो काढले. मामींनी माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, एवढा नीट तो घरात पन बोलत नाय आता," त्या म्हणाल्या. मला ते ऐकू आलं. पण माझ्या अवतीभवती तेव्हा अभिनंदन करणारी इतकी माणसं होती की त्याचा विचार करायचं राहून गेलं.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी दहा करू."

सोमवारी प्रॅक्टिकल सुरू होणार होती. साडेदहाला मी लॅबच्या जिन्यात मामांना गाठलं. हातात किल्ल्यांचा जुडगा.

"मामा, मॅडमशी बोललात?"

"कशाबद्दल?"

"आपलं ठरलं होतं ते."

ते हसले, अगदी मोकळं. "काय ठरलं होतं, मॅडम?"

तिथे जिन्यात उभं राहून मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. ते खरंच विसरले होते, की विसरल्याचं दाखवत होते? माझ्याकडे नजर आहे म्हणे. मला काहीच दिसलं नाही. आणि वरून पोरांचा एप्रन घालायचा गोंधळ ऐकू येत होता, पहिल्या वर्षाची बॅच, वीस-पंचवीस पोरं.

मी त्यांच्या पुढून जिना चढले. पन्नाशीला आलेल्या लायब्ररियनने एवढ्या वेगाने जिना चढू नये, पण चढले, आणि विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर मोबाईल ठेवला. त्यांनी वाफ पाहिली. त्यांच्या हातातला खडू खाली गेला.

"हे कधीचं?"

"अकरा दिवसांपूर्वीचं."

"आणि अकरा दिवस तुम्ही हे घेऊन बसलात?"

मला कळून आठच झाले होते, पण ते सांगायला तोंड नव्हतं.

त्या बाई कडक आहेत म्हणून कॉलेजात प्रसिद्ध आहेत. पण त्या बाहेर गेल्या आणि मामांना इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, स्टोअरची तपासणी लागलीये. किल्ल्या जरा माझ्याकडे राहू देत." मामांनी जुडगा दिला. देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच. त्या दिवसापासून त्यांना ऑफिसात टपाल वाटायला बसवलं, आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. लायब्ररीचं टपाल माझ्या टेबलावर ठेवायचे आणि वळायचे.

मॅडमनी मामींना फोन करून सगळं सांगितलं, पनवेलला ह्या आजाराचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडे न्या म्हणाल्या. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं.

तीन आठवडे गेले. एका दुपारी मामी लायब्ररीत आल्या. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि चप्पल बाहेर काढायला परत गेल्या. मी म्हणाले चप्पल असू दे, तरी काढून आल्या.

"नेलं का डॉक्टरकडे?"

"कोन नेनार? पोरं ऐकत नाय वो." त्या खुर्चीवर बसल्या, पण पाठ टेकवली नाही. "थोरल्याला सांगितलं तर तो काय करतो, तो तुमचा व्हिडिओ लावतो. म्हनतो, बघ आई, मागच्या म्हैन्यातला हाय. कुठं अडखळला का सांग. म्हनतो, कॉलेजात कुनाला तरी त्याची जागा पायजे, म्हनून नाटक चाललंय. धाकटा पन तेच. सोयऱ्यांना, भावकीला, सगळ्यांना तोच दाखवतात. आन सगळे म्हनतात, छे, तुमचा मानूस ठनठनीत हाय." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "परवा गॅस चालू करून पेटवायचा राहिला. मी मळ्यात होते. वास आला म्हनून शेजारीन धावली. मॅडम, तुमी व्हिडिओ लई चांगला केला. पन मला आता घरात खोटी पाडतात."

मी शेंगांची पिशवी उगाच इकडची तिकडे सरकवली. मग म्हणाले, "मामी, माझ्याकडे अजून एक आहे. मोठा."

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. खालापूरच्या अलीकडे रस्त्यावरून आत वळलं की वाडी लागते. नवरा गाडी चालवत होता, मुलगी मागे बसली होती, ती म्हणाली, "आई, मी येऊ का आत?" मी म्हणाले नको. आपली घाण आपण उपसावी.

दोन्ही मुलगे आले होते. त्यांनी माझं स्वागत इतकं केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोरला म्हणाला, "या मॅडम, तुमच्यामुळे आमच्या बापाचं नाव झालं. चहा टाक गं आई." त्यांना वाटलं, मी अजून काहीतरी कौतुकाचं आणलंय. मी पेनड्राइव्ह धाकट्याच्या हातात दिला आणि त्याने तो टीव्हीला जोडला.

"हे न कापलेलं आहे," मी म्हणाले. "मी आधी दाखवलं त्यात मी बरंच काढलं होतं. ते काढायला नको होतं. हे पूर्ण बघा, मग काय बोलायचं ते मला बोला."

"तुमी कशाला काढलं असेल, काहीतरी असेल म्हनूनच ना," थोरला हसत म्हणाला. पण त्याचं हसू जरा कमी झालं होतं.

तेवढ्यात मामा आतून आले. नुकती दाढी केलेली, अंगावर पांढरा सदरा. मी उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. प्लास्टिकची खुर्ची ओढली, टीव्हीच्या अगदी समोर, मुलांच्याही पुढे, आणि बसले.

मी मामींकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे.

टीव्ही मोठा होता. मामांचा चेहरा भिंतभर दिसत होता, माझा हात त्यांच्या कॉलरशी. "मॅडम, हे कशापायी चाललंय?" टीव्हीतले मामा म्हणाले. "मला कशाला, मॅडम."

मुलगे मोठ्याने हसले. "बघा, लाजतो कसा!"

मग खिडकी, मग कपाट, मग तो पहिला दिवस, नळी, शिव्या. थोरला मान हलवत ऐकत होता. अधूनमधून मामा थांबत होते, आणि त्या थांब्यांत लॅबमधल्या नळाचं टपटपणं ऐकू येत होतं. "मॅडम, हे कशापायी चाललंय?"

धाकटा हसला. थोरला हसला नाही.

बाटली आली. टीव्हीतले मामा तिच्याकडे बघत उभे राहिले. किती वेळ उभे राहिले ते मला माहीत होतं, पण त्या खोलीत ते त्याच्या तिप्पट वाटलं. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मामींच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला, कुणी कप उचलला नाही. थोरल्याने एकदा आईकडे पाहिलं आणि पटकन खाली पाहिलं.

"मॅडम," टीव्हीतले मामा म्हणाले, तोच चेहरा, तेच लाजणं, "हे कशापायी चाललंय?"

धाकटा उठला. "पुरं आता," तो म्हणाला, आवाज चिरका झाला होता. "बंद करा मॅडम, कळलं आमाला." मीही उठले, रिमोट शोधायला लागले. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं, कुणीतरी बंद करा म्हणावं.

मामांनी मागे न वळता हात वर केला.

"बंद करू नका. ॲसिडचं पुढं हाय," ते म्हणाले. "बस रं खाली. बघून घ्या दोगं पन."

धाकटा बसला. मी रिमोट टेबलावर ठेवला.